कयाकवरून पाग टाकायला गेलो आणि उलटलो – जिवंत आमिष मिळवायचं कसं?

खाडीवेडा | शनिवार, रात्री 10:14

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज स्वतःचं हसं करून घेतलंय म्हणून लिहितोय.

दिवाळीनंतर एक सेकंडहँड सिट-ऑन-टॉप कयाक घेतली, दहा फुटी, 26 हजारात. गरवायची (गळाने मासे धरायची) सवय लहानपणापासून आहे पण ती जेटीवर बसून, तंगूस (नायलॉनची दोरी) बोटाला गुंडाळून. कयाक आल्यापासून तारकर्ली-देवबागच्या आतल्या अंगाला कर्ली खाडीत फिरतोय. लुअरवर (नकली आमिषावर) एकदोन बारके गोबरे आणि एक पालू मिळाली, पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ती तांबोशी काही ढुंकून बघत नाही. सगळे म्हणतात जिवंत शेवटा (खाडीतला मासा) नाहीतर जिवंत कोळंबी लाव. बाजारात मिळते ती कोळंबी मेलेली आणि बर्फातली, म्हणून म्हटलं आपणच पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकू.

घरी माळ्यावर आजोबांचा पाग होता, सात हाताचा, शिसं मजबूत. घरामागच्या खळ्यात पाचसहा वेळा टाकून बघितला, बरा गोल पडत होता. आज सकाळी कयाकवर ठेवला आणि निघालो. दशमी म्हणजे तिथीच्या पाऊणपटीने साडेसातला पूर्ण भरती, तोवर पाणी चढतं असणार असा हिशोब. सातच्या सुमारास चिपीच्या झाडांजवळ शेवट्यांचा थवा पाण्यावर उड्या मारताना दिसला. बसूनच टाकला. पाग गोल सोडा, भाकरीसारखासुद्धा पडला नाही, पिळलेल्या टॉवेलसारखा पडला आणि सरळ तळाला गेला. ओढायला लागलो तर येईना, खाली कालवांचा खडक. दोरी मनगटाला सुरगाठीने बांधलेली. आणि तेव्हा कळलं की पाणी चढत नाहीये, उतरतंय. कयाक निघाली संगमाकडे, पाग जागेवर, मधे माझं मनगट. पुढचं काय सांगू. लाइफ जॅकेट होतं म्हणून हा धागा निघतोय. रॉड एक गेला, मोबाइल पिशवीत होता तो वाचला, मनगटावर अजून काळानिळा वळ आहे. एका होडीवाल्याने बघितलं, आला, कोयत्याने दोरी कापली आणि एकही शब्द न बोलता गेला. तो न बोलणंच जास्त लागलं.

तर प्रश्न असे की कयाकवरून पाग टाकता येतो का, येत असेल तर केवढा, आणि पकडलेलं आमिष दोन तास जिवंत कसं ठेवायचं? आणि माझं भरतीचं गणित कुठे चुकलं?

---

सुरमई_फ्राय | शनिवार, रात्री 10:31

बापरे. जिवावरचं मनगटावर निभावलं.

---

बाब्या_पागी | शनिवार, रात्री 11:02

अरे मेल्या, सात हाताचो पाग घेऊन बसान टाकतंस? तो उभ्यान टाकूचो पाग. माझो आजो कमरेभर पाण्यात उभो रवान टाकी, आणि तोय वाळूत, खडकार नाय.

मालवणीत लिहिलं की पुणेकर अर्थ विचारतात म्हणून आता शुद्ध लिहितो. सात हात म्हणजे साधारण दहा फूट लांबी झाली, पसरला तर वीस फुटाचा गोल. एवढा पाग हातानं फिरत नाही, तो पायापासून फिरतो, टाच रोवून कमरेतून झटका द्यायचा आणि शिशाचा भार स्वतः उघडत जातो. बसलेल्या माणसाला कमरच नसते, राहिले फक्त खांदे. तीन हाताच्या वर बसून टाकूच नये. तीन हाताचा, म्हणजे चार-साडेचार फुटाचा पाग बसून उघडतो, तोसुद्धा पंचवीसतीस वेळा पिळल्यावर.

दुसरं, दोरी मनगटाला का बांधतात तर हातात मासे काढताना पाग वाहून जाऊ नये म्हणून. पण ती माणूस जमिनीवर उभा असेल तेव्हा. तुझ्याखाली जमीन नव्हती, पाणी होतं आणि ते चालतं होतं. कयाकवर मनगटाला काही बांधायचं नाही. दोरीच्या टोकाला एक लिटरची रिकामी बाटली बूच घट्ट लावून बांध, आणि दोरी नुसती मुठीत धर. अडकला की सोडून दे, बाटली तरंगत राहील, सुकती लागली की चालत जाऊन सोडवून आण. पाग कुठे पळून जात नाही.

आज्याचा पाग खाली राहिला का रे? तो गेला असेल तर मात्र मी तुझ्याशी बोलणार नाही.

---

खाडीवेडा | शनिवार, रात्री 11:20

दुपारी पूर्ण ओहोटीला गेलो होतो परत. मिळाला. कालवांवर तीन ठिकाणी फाटलाय, पण मिळाला.

---

बाब्या_पागी | शनिवार, रात्री 11:24

मग बोलतंय.

---

अलिबागवरून | रविवार, सकाळी 7:45

भरतीचं सांगतो. तिथीची पाऊणपट हा हिशोब मुंबई आणि आमच्या रायगडच्या बाजूला बऱ्यापैकी जमतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पण आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ दक्षिणेकडून उत्तरेकडे पुढे पुढे सरकत येते, त्यामुळे मालवणला ती आमच्या पाऊण-एक तास आधी होऊन जाते. म्हणजे तुझी पूर्ण भरती साडेसहाच्या आसपास झाली असणार आणि सातला तू शेवट्यांचा थवा बघत होतास तेव्हा पाणी फिरलेलं होतं. वर तू संगमाच्या जवळ, तिथे ओहोटीला ओढ जास्तच. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे भांग (पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं ते दिवस) सरून दोनच दिवस झाले होते. हेच पौर्णिमेच्या उधाणाला झालं असतं तर होडीवाल्याला तुला गाठायला समुद्रात जावं लागलं असतं.

खाडी जसजशी आत जाते तसतसा पुन्हा उशीर होत जातो. म्हणून पाऊणपट ही नुसती अदमासाला, निघायच्या आधी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघायचं, मोबाइलवर फुकट मिळतं.

---

रत्नांग्रीचा_पावणा | रविवार, सकाळी 9:10

अलिबागवरून यांना +1. मी भाट्याच्या खाडीत कयाक घालतो, माझा एकच नियम आहे, जाताना भरतीबरोबर आत जायचं आणि येताना ओहोटीबरोबर बाहेर. वल्हं कमी मारावं लागतं आणि दमल्यावर पाणीच घरी आणतं. उतरायची जागा मात्र मुखापासून लांब आत हवी, नाहीतर पाणी घर सोडून पुढे नेतं. आणि हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो तोपर्यंत खाडी तळ्यासारखी, अकरा-बारानंतर समुद्रावरून वारा उलटा फिरतो आणि मग त्या दहा फुटी प्लॅस्टिकच्या डब्यात बसून पाग टाकणं म्हणजे झोपाळ्यावर बसून सुईत दोरा ओवणं.

आता आमिषाचं. एवढं सगळं कयाकवरूनच का करायचं हा माझा प्रश्न आहे. शेवटे असतात कुठे? गुडघाभर पाण्यात, चिखलाच्या काठाला, वहाळ खाडीला मिळतो तिथे. म्हणजे जिथे कयाक तशीही टेकते तिथे. उतर की खाली! कयाक काठाला लाव, पायात जुने बूट घाल (कालवं ब्लेडसारखी कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही), चालत जाऊन पाग टाक, बादली भर, मग कयाकवर बसून गरवायला जा. अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून आपल्याला वाटतं सगळं बोटीवर उभं राहूनच करायचं असतं.

---

खाडीवेडा | रविवार, सकाळी 9:32

ते व्हिडिओच बघितले होते :(

त्यांच्या पागाला आतून दोऱ्या असतात, ओढलं की पिशवीसारखा बंद होतो. आजोबांच्या पागाला तसलं काहीच नाही.

---

बाब्या_पागी | रविवार, सकाळी 10:05

आपल्या पागाला काठाला आतल्या बाजूने खोळ असते, शिशाची कड आत दुमडून थोड्या थोड्या अंतरावर बांधलेली. शेंडीला धरून हळू ओढत आणलं की शिसं तळाला घासत एकत्र येतं आणि मासा पळायला बघतो तो बरोबर त्या खोळीत जाऊन बसतो. म्हणून आपला पाग झटक्याने उचलायचा नसतो, सरपटत आणायचा. आतल्या दोऱ्यांचा पाग खोल पाण्यात बोटीवरून सरळ वर उचलायला बरा. तू आपला पाग घेऊन त्यांच्यासारखा उचललास तर सगळे शेवटे खालून टाटा करून जातील.

आणि आस (जाळ्याच्या भोकाचं माप) बघ पागाचा. शेवट्यांची पिल्लं बोटाएवढी असतात, आस अर्ध्या इंचापेक्षा मोठा असला तर ती मानेत अडकतात, कल्ले कापले जातात, बादलीत टाकल्यावर पाच मिनिटांत उलटी. फार बारीक आस घेतलास तर पाग पाण्यात छत्रीसारखा तरंगत खाली जातो, तोवर थवा पळालेला. सातहाती पाग मोठ्या माशांचा असणार, तो धू, शिव, आणि खुंटीला लाव. आमिषासाठी वेगळा घे.

---

कणकवलीकर_भाऊ | रविवार, दुपारी 1:15

धाग्याला थोडं वेगळं वळण देतो, राग मानू नये. खाडी आम्हाला लांब पडते, आमच्याकडे धरणं आणि तलाव. तलावात कयाक घालून मरळ गरवायचा विचार आहे आणि आमिषाला तिथेच बारका पाग टाकायचा. कोणी केलंय का? धामापूरला चालेल का?

---

रत्नांग्रीचा_पावणा | रविवार, दुपारी 2:40

धामापूर सोडा हो. 1530 सालचा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, 2020 मध्ये सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून मान मिळालाय त्याला. तिथे पाग घेऊन उतरलात तर गावकरी तुम्हालाच पागतील, आणि बरोबरच करतील.

बाकी पाटबंधाऱ्याचे तलाव म्हणाल तर बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, रोहू-कटल्याचं बीज त्यांनी स्वतःच्या पैशाने सोडलेलं असतं. त्यांना न विचारता पाग टाकला की त्या दृष्टीने ती चोरीच झाली. मी एका ठिकाणी जाऊन सरळ विचारलं, त्यांनी गळाला हो म्हटलं, पागाला नाही म्हटलं. ठीक आहे. मरळीला पाग लागतोच कशाला, गांडूळ, बारकी बेडकी किंवा रबरी बेडूक कमळाच्या पानांवरून ओढत आणला तरी फाडकन येते.

एकच विनंती, पावसाच्या सुरुवातीला काठाजवळ तांबड्या बारक्या पिल्लांचा गोळा पाण्यावर खदखदताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात आणि रागाने कशावरही झडप घालतात, म्हणून पकडायला सोप्या. तो मासा काढलात की पिल्लं तासाभरात दुसऱ्यांच्या पोटात.

---

अलिबागवरून | रविवार, दुपारी 3:05

आणि एका पाण्यातलं जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यात सोडू नये हेही लिहून ठेवा. उरलेलं आमिष "जीवदान" म्हणून तलावात सोडणारे पुण्यवान बघितलेत मी. तिलापी असंच पसरत गेलं. थाय मांगूर तर देशातच बंदी असलेला मासा आहे, तरी कुठे ना कुठे निघतोच.

सावित्रीत आणि वाशिष्ठीत मगरी आहेत हेही कयाकवाल्यांनी ध्यानात ठेवावं. महाडच्या लोकांना सवय आहे, तुम्हाला नाही. तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून पाग टाकायचा सल्ला लागू नाही.

---

सुरमई_फ्राय | रविवार, दुपारी 3:11

मी फक्त खाणारी आहे पण हा धागा सोडवत नाहीये. तांबोशीचं तिखलं करतात का हो?

---

बाब्या_पागी | रविवार, दुपारी 3:30

आधी पकडू दे तेका.

---

होडीवाला_नाय_पण | रविवार, रात्री 8:50

सगळं वाचलं. मी मच्छीमाराच्या घरातला, नोकरी गोव्यात. थोडं कडू लिहितो.

तुम्ही जे शेवटे आमिष म्हणून बादलीत भरता ते आमच्याकडे सहा महिन्यांनी कालवणात असतात. एकट्यादुकट्याने दहा घेतले तर खाडी रिकामी होत नाही, कबूल. पण गेल्या दोन वर्षांत शनिवार-रविवारी गाड्यांवर कयाक बांधून येणारे वाढलेत, त्यातले काही बारीक आसाचा पाग टाकतात, किलोभर पिल्लं काढतात, दहा वापरतात आणि बाकीची काठावर फेकून जातात. कोळंबीची अंड्यावरची मादीसुद्धा. माझा बाप सकाळी तिथून जातो तेव्हा त्याला ती वाळलेली पिल्लं दिसतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना 61 दिवस बंदी असते, तेव्हा घरातले लोक हात बांधून बसतात आणि त्याच वेळी हौशी लोक चढणीच्या माशांचे, अंड्यांनी फुगलेल्या, फोटो टाकतात. मग होडीवाला दोरी कापून एक शब्द न बोलता जातो ते का, हे कळलं असेल.

खाडीवेडा, तुमच्यावर नाही हे. तुम्ही विचारताय तरी.

---

खाडीवेडा | रविवार, रात्री 9:26

अजिबात राग नाही. उलट ते त्या माणसाचं न बोलणं सकाळपासून डोक्यात होतं. उद्या जाऊन त्यांना भेटतो, दोरी कापायला कोयता त्यांचा वापरला, चहा तरी माझा.

---

रत्नांग्रीचा_पावणा | सोमवार, सकाळी 8:20

होडीवाला_नाय_पण यांचं शंभर टक्के बरोबर. आणि गंमत म्हणजे जास्त आमिष पकडून उपयोगही नसतो, कारण ते मरतं. वीस लिटरच्या बादलीत दहा-बारा शेवटे, त्याच्यावर एक नको. शेवट्याला प्राणवायू भरपूर लागतो, बॅटरीवर चालणारा फिश टँकचा पंप मिळतो तो लावायचा. उन्हात बादली तापली की पंप असूनही मरतात, म्हणून घरून एक पाण्याची बाटली गोठवून न्यायची आणि बंदच बादलीत तरंगत ठेवायची. फोडून बर्फ टाकायचा नाही, नळाचं क्लोरीनवालं गोडं पाणी आत जातं. दर अर्ध्या तासाने निम्मं पाणी खाडीचंच बदलायचं. हात ओला करून धरायचा, कोरड्या हाताने खवलं निघतात.

कोळंबी चिवट. ओल्या गोणपाटात सावलीत ठेवली तरी बराच वेळ तग धरते. गळ लावताना डोक्यावर जो करवतीसारखा काटा असतो त्याच्या मागे आडवा घालायचा, आत काळा ठिपका दिसतो त्याला धक्का न लावता. ठिपक्याला टोचलं की संपली. शेवट्याला ओठातून, किंवा पाणी संथ असेल तर पाठीवरच्या पंखाच्या जरा पुढे. गळ सर्कल हुक घ्या, तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, बारका मासा आला तर जिवंत सोडता येतो. आणि सर्कल हुकवर झटका मारायचा नाही, नुसतं रिळ फिरवायचं. जेटीवरच्या सवयीने झटका मारलात की हुक तोंडातून निसटून बाहेर.

पागात शिंगाळा आला तर हात घालू नका. त्याचे तीन काटे जाळ्यात गुंततात आणि हातात घुसतात, ठणका काय असतो ते मी एकदा अनुभवलंय. सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवला तेव्हा उतरला.

---

कणकवलीकर_भाऊ | सोमवार, सकाळी 10:02

आमच्या तलावाच्या संस्थेच्या चेअरमनना फोन केला. गळाला हो, पागाला नाही. रत्नांग्रीकर, तुम्ही ज्योतिषी आहात का?

---

खाडीवेडा | रविवार, रात्री 9:48

पंधरा दिवसांनी धागा वर काढतोय.

त्या होडीवाल्या काकांना भेटलो. चहा त्यांनीच पाजला. पागाबद्दल विचारलं तर म्हणाले, "आजो कोण तुझो?" सांगितलं, तर ओळख निघाली, आजोबांचा पाग त्यांच्याच वडिलांनी विणून दिलेला. मग मात्र बोलले, आणि एकदा सुरू झाले ते थांबेनात. तीन संध्याकाळी मला वाळूत उभं करून साडेतीन हाताचा पाग टाकायला लावला. निम्मा भार डाव्या कोपरावर, निम्मा उजव्या हातात, आणि शिशाच्या कडेचं एक टोक दातात. मी म्हटलं दातात कशाला, तर म्हणाले तिसरा हात देवाने दिला नाही म्हणून. गंमत म्हणजे खरंच फरक पडतो, ते टोक शेवटच्या क्षणी सुटतं म्हणून समोरची बाजू उघडते. मी पहिल्यांदा दात उघडायलाच विसरलो. दात शाबूत आहे, ओठ सुजला होता.

आज सकाळी सव्वासहाला वहाळाच्या तोंडाशी कयाक लावली. पाणी अजून थोडं चढत होतं, कोष्टक बघून गेलो होतो, सव्वासातला पूर्ण भरती. चालत जाऊन पाच पाग टाकले, पहिल्या तीनमध्ये पानं आणि एक खेकडा. चौथा बरा पडला, नऊ शेवटे. पाचव्यात चौदा आले, त्यातले तीन ठेवून बाकीचे लगेच सोडले. बादलीत बारा. मग कयाक घेऊन पलीकडे चिपीच्या मुळांशी नांगर टाकून बसलो. पाणी फिरेपर्यंत काही नाही. पावणेआठच्या सुमारास वहाळातलं गढूळ पाणी बाहेर यायला लागलं, दुसरा शेवटा सोडला, तो पाण्यावर येऊन वेड्यासारखा पळायला लागला आणि मग तंगूस नुसता सरकत गेला मुळांच्या दिशेने. झटका नाही मारला! रिळ फिरवलं. कयाक नांगरासकट फिरली. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट ठेवला होता म्हणून मुळात शिरू दिली नाही.

तांबोशी, पावणेदोन किलो. कयाकवर घेतली तेव्हा कल्ल्याजवळ तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा रंग होता, घरी येईपर्यंत काळवंडली. उरलेले सात शेवटे तिथेच, जिथून घेतले तिथे सोडले.

---

बाब्या_पागी | रविवार, रात्री 10:01

शाब्बास रे! फोटो खय हा? आणि खाल्लंस काय आज?

---

खाडीवेडा | रविवार, रात्री 10:07

कसला खातोय. तिथी भरतीसाठी बघितली, घरचं लक्षातच नाही. आज एकादशी. आईने मासा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि वरीचे तांदूळ वाढले. तांबोशी साफ करून फ्रीजमध्ये आहे, अर्धी उद्या सकाळी काकांकडे.

---

सुरमई_फ्राय | रविवार, रात्री 10:09

द्वादशीला तिखलंच करा. त्रिफळं विसरू नका.